वेलखारच्या मांडवाची परवानगी

परवानग्या मिळवणं हा माझा धंदा आहे. सिनेमावाल्यांना कुठे कॅमेरा लावायचा असला की ती जागा कुणाची, तिच्यावरचा साहेब कोण आणि साहेबाचा मूड साधारण किती वाजता बरा असतो, हे शोधून सही घेऊन येणारी बाई म्हणजे मी, स्मिता. कार्डावर ‘लोकेशन मॅनेजर’ असं छापलंय. आई मात्र करंजाड्यात शेजारणींना सांगते, "माझी पोर लोकांच्या सह्या गोला करते." ऐकणाऱ्याला वाटतं, मी कसल्या तरी मोर्च्यात आहे.

अकरा वर्षं झाली या कामाला. एकदा मोऱ्याच्या जेट्टीवर एका नटाला बोटीतून उतरताना दाखवायचं होतं, पडद्यावर फार तर आठ सेकंद. तेवढ्यासाठी मी चार कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. एका ठिकाणी साहेब देवमाणूस, पण दारातला शिपाई म्हणजे चहापेक्षा किटली गरम. त्याच्याकडूनही मी बसायला खुर्ची मिळवली, वर चहा. मला राग लवकर येतो, पण कागद हातात पडेपर्यंत तो गिळता येतो. एवढ्या एका गुणावर माझं घर चाललंय.

त्यामुळे परवानगी या विषयातलं आपल्याला सगळं कळतं, असं मी धरून चालले होते. वेलखारने तो तोरा उतरवला. त्या गावाचे उपकार मी विसरणार नाही.

वेलखार हे उरण तालुक्यातलं खाडीकाठचं आगरी गाव. प्राचीला तिच्या पहिल्या सिनेमासाठी असंच गाव हवं होतं. ही प्राची म्हणजे आमची दिग्दर्शिका, अठ्ठावीस वर्षांची, बोलते इतकी हळू की माणूस पुढे वाकून ऐकतो आणि मग तिचं ऐकतोच. तिचा सिनेमा मिठागरात काम करणाऱ्या एका मुलीचा, आणि तो संपतो त्या मुलीच्या हळदीत. हळद नसेल तर सिनेमाला शेवटच नाही. नायिकेचं काम करणारी नटी शुक्रवार संध्याकाळपर्यंतच मोकळी होती, शनिवारपासून ती एका मालिकेला बांधलेली. निर्मात्याने प्राचीला साफ सांगितलं होतं, शुक्रवारी हळद झाली नाही तर आहे तिथे काम थांबवायचं. नंतर बघू वगैरे काही नाही.

माझी बाजू भक्कम होती. ग्रामपंचायतीची एनओसी, पोलिस ठाण्याचं पत्र, ज्यांच्या अंगणात मांडव घालायचा त्या पंढरीदादांची सही, सगळं फायलीत क्रमाने लावलेलं.

बुधवारी मांडव उभा राहिला. निखिल, आमचा कलादिग्दर्शक, मला म्हणाला, "ताई, आगरी मांडवात खास काय असतं?"

"उंबर," मी म्हणाले. "उंबराची फांदी लागतेच. नाहीतर तो आमचा मांडव वाटणारच नाही."

‘आमचा’ म्हणताना माझी मान जरा ताठ झाली. मी आगऱ्याचीच. माझं माहेरचं गाव विमानतळात गेलं आणि माणसं करंजाड्याला राहायला आली. पण गाव जायच्या कितीतरी आधी मी गेले होते. तेविसाव्या वर्षी, श्यामसुंदर नावाच्या साताऱ्याकडच्या मुलाबरोबर, पनवेलला सह्या करून मोकळी झाले. बापाला विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता, म्हणून कुणालाच विचारलं नाही. पुढे माझी मुलगी अबोली झाल्यावर येणं-जाणं सुरू झालं, वडील गेले, सगळं निवळलं. तोवर गाव उठलं होतं आणि लग्नं हॉलमध्ये लागत होती. म्हणजे मांडवाबद्दल मला जे माहीत होतं, ते परकरात असताना सतरंजीवर बसून पाहिलेलं. उंबर लागतो एवढं ठाऊक होतं. लागल्यावर पुढे काय, ते नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते असं.

निखिल पडला हाडाचा कलाकार. प्लॅस्टिकची पानं त्याला चालत नाहीत. गावाबाहेरच्या उंबराची फांदी तो स्वतः घेऊन आला, मांडवाच्या मुख्य खांबाला बांधली, वर हळदीच्या फडक्यात सुपारी. इतकं देखणं झालं की मी फोटो काढून श्यामला पाठवला. खाली लिहिलं, ‘तुझ्या सासरचा मांडव बघ.’ त्याने अंगठा पाठवला. तो सगळ्यालाच अंगठा पाठवतो.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही पोचलो, तर मांडवाशी गावातल्या सात-आठ बायका उभ्या. एकीने उंबराला हळद-कुंकू वाहिलं, दुसरीने हात जोडले. मी प्राचीला कोपराने ढोसलं. "बघ, गाव कसं रमलंय. याला म्हणतात सहकार्य."

अर्ध्या तासाने पंढरीदादा आले. भला माणूस, कालपर्यंत आमच्या लाइटवाल्यांना आग्रह करकरून बोंबलाची चटणी वाढत होता. आज चेहरा उतरलेला.

"ताई, आज शूटिंग नाय होनार."

"का? लाइट गेली?"

"लाइट हाय. सकाली गावकी बसली." गावकी म्हणजे गावातल्या जुन्या घरांची बैठक. तिचा शिक्का नसतो, पण तिच्या शब्दाबाहेर गावात कुणी जात नाही. "तुमचा मांडव खोटा हाय ना? मंग उंबर खरा कशाला लावलात?"

मला कळेना. दादांनी समजावून सांगितलं. त्यांच्या गावात मांडवाला उंबर लागला म्हणजे देवाला सांगावा गेला. आता देव लग्नाला येणार. लग्न लागल्याशिवाय तो उंबर उतरवायचा नाही. तसाच उतरवला तर त्या वर्षी गावात कुणाचं लग्न करत नाहीत.

"अन तीन घरान लगनं ठरलीत," दादा म्हणाले. "त्यातलं एक माझे पोरीचं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण सवय वाईट, हात आपोआप फायलीकडे गेला. "दादा, हे बघा, ग्रामपंचायतीची एनओसी. तारीख आहे, वेळ आहे, शिक्का आहे."

"कागद सरपंचाचा," मागून आवाज आला. "मांडव कोनाचा, पोरी?"

वळून पाहिलं तर ऐंशीच्या घरातली, चणीने लहानशी म्हातारी. काष्ट्याचं लुगडं, हातात काठी. दादा दोन पावलं मागे सरकले. या जाईबाई, गावाच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाते, गाण्यातून एकेका देवाला लग्नाचं बोलावणं करते, आणि तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लागत नाही. आम्ही गाणं स्टुडिओत करणार होतो. जाईबाईंना भेटायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्या फायलीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

"मांडव सिनेमाचा आहे, आजी," मी म्हणाले.

"मांडव नवरीचा असतो. नवरी कुठं हाय?"

मी नटीकडे बोट केलं. ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती आणि मेकअपवाला तिच्या पापण्यांवर काहीतरी चिकटवत होता.

"हिचं लगीन हाय?"

"नाही. तिचं मागच्या वर्षी झालं. गोव्याला."

"मंग ही नवरी कशी?"

प्राची शेजारी उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. तीन वर्षं तिने या सिनेमाची वाट पाहिली होती. आणि उंबर कुणी सुचवला? मी. स्वतःच्याच चुकीचा राग आला की मी तो दुसऱ्यावर काढते, हे माझ्या घरी विचारा.

"आजी, मीपण आगऱ्याचीच आहे," मी जोरात म्हणाले. "मला नका शिकवू."

ज्या बाईशी जन्मात कुणी असं बोललं नसेल तिच्याशी मी बोलले होते. जाईबाई रागावल्या नाहीत. जवळ आल्या आणि माझं तोंड निरखून बघायला लागल्या.

"कोनाची गो तू?"

मी बापाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं.

"म्हंजे विमानाखाली गेलं त्ये. तिथली धवलारीन माझे मावशीची सून. वारली ती. तुझा धवला तिनंच बोलला असंल?"

खोटं बोलता आलं असतं. धंद्यात इतकं वेळेवर सुचतं, पण त्या डोळ्यांसमोर सुचलं नाही. "कुणीच नाही. आम्ही पनवेलला सह्या केल्या."

"हलद?"

"नाही लागली."

"आयस होती संगतीला?"

"तिला माहीतच नव्हतं."

जाईबाई ओट्याच्या कडेला बसल्या. पाणी मागितलं, सगळा तांब्या संपवला, मग उंबराकडे बोट केलं.

"मंग ह्यो मांडव तुझाच हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, थट्टा करतायत. "आजी, बावीस वर्षं झाली माझ्या लग्नाला. मुलगी कॉलेजात आहे."

"असूं दे. लगीन लागलंय, धवलाच ऱ्हायलाय ना? देव आलंत, मांडव हाय, नवरी हाय. उद्या नवऱ्याला आन. मी धवला बोलीन, हलद लागंल, उंबर मानानं उतरंल. तुमची मशीन तवा काय करंल त्ये तुमचं तुमी बगा." मग काठी माझ्याकडे रोखली. "पन आयशीला इचारलंस का कदी? नंतर तरी?"

"नाही."

"मंग जा. आयशीची परवानगी आन. ती हो बोलली तरच. नवरीचे आयशीबिगर मी हलदीला हात लावत नाय."

दादा गावकीतलेच, त्यांनी मान डोलावली. गावकीचा होकार तेवढ्यात मिळाला. प्राची मला बाजूला घेऊन म्हणाली, "स्मिताताई, तुम्हाला नको असेल तर नको. सिनेमासाठी तुम्ही असलं काही करायचं नाही." त्या मुलीचं सगळं पणाला लागलं होतं आणि ती मला हे सांगत होती. तिथेच ठरवलं, जायचं.

उद्याची सगळी तयारी लावून करंजाड्याला पोचले तेव्हा पाच वाजले होते. माझी आई, बायजाबाई, भावाच्या घराच्या गॅलरीत सुपात सुका जवळा निवडत बसली होती. मोठमोठ्या साहेबांसमोर माझी जीभ अडखळत नाही. तिथे मात्र मी आधी चपलाच दोनदा नीट लावल्या. इतकी वर्षं मी या घरी येते, जेवते, भांडते, डबा भरून नेते, आणि या एका विषयाला आम्ही दोघी कधी हात लावत नाही.

"आई, एक विचारायचं होतं."

"इचार."

"श्यामशी लग्न करू का?"

तिचा हात थांबला. "डोस्कं फिरलंय का तुझं?"

मी सगळं सांगितलं. उंबर, जाईबाई, प्राची, उद्याची संध्याकाळ. ऐकता ऐकता तिने पुन्हा जवळा निवडायला घेतला. माझं संपलं तरी तिचं निवडणं चाललंच होतं.

"तुझा बाप नाय बोलला असता," ती म्हणाली.

"माहितीये."

"मी हो बोलले असते. मना कोनी इचारलंच नाय."

मी खाली बसले.

"तू बारावीला होतीस तवाच मी आपले धवलारनीला सुपारी देऊन ठेवलेली. बोललेले, माझे स्मिताचा धवला तूच बोलायचा. तू गेलीस तवा ती सुपारी परत द्यायला आली. मी नाय घेतली. बोलले, असूं दे तुझेजवल."

मग मला रडू आवरलं नाही, आणि मी आवरलंही नाही. बापाच्या धाकाने मी तिलाही त्याच्याच पारड्यात टाकलं होतं. ती वेगळी आहे, तिला वेगळं विचारावं, हे मला तेविसाव्या वर्षी सुचलं नाही आणि पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत सुचलं नव्हतं. "आई, माझं चुकलं," मी म्हणाले. "लग्न नाही चुकलं. तुला विचारलं नाही ते चुकलं."

"लगीन कुठं चुकलंय? जावई गुनाचा हाय." तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले. "कागद हाय का?"

"कसला?"

"दुनियेच्या सह्या घेतेस. माझीच नको?"

मी रडता रडता हसले. कागद नव्हता, फाईल प्रॉडक्शनच्या गाडीत राहिली होती. "तोंडी चालेल," मी म्हणाले.

"मंग तोंडी हो." आणि लगेच तिचा सूर बदलला. "बाजारची पावडर मी लावनार नाय. हलकुंडं आन." जातं गावाबरोबर गेलेलं. तिने मिक्सरचं भांडं तीनदा धुतलं, चौथ्यांदा हुंगून पाहिलं, आणि शेजारच्या दोघींना हाक मारून हळकुंडं कुटायला बसवलं.

श्यामला फोन केला. तो नेरूळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो, त्याला कशाचंच फार आश्चर्य वाटत नाही. सगळं ऐकून म्हणाला, "पुन्हा? त्याच बाईशी?" मग म्हणाला, "रजा टाकतो." मी फोन ठेवणार तेवढ्यात अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "स्मिता, तिथे मी नीट कपडे घालून यायचं ना? तेव्हा मी चेक्सचा शर्ट घातला होता."

शुक्रवारी मांडवात दोन बाजू झाल्या. एकीकडे नटी, तिच्या पुढ्यात कॅमेरा. दुसरीकडे, चौकटीच्या बाहेर, दोन पाट. त्यावर मी आणि इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातला श्याम. मधोमध जाईबाई. आईने त्यांच्या ओटीत नारळ-सुपारी आणि लुगडं घातलं. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या, पण बोलल्या शेजारणींसारख्या. पंढरीदादांची मुलगी, जिचं लग्न ठरलं होतं, माझ्या डोक्यावर पदर धरून उभी राहिली.

जाईबाईंनी धवला सुरू केला. आवाज म्हाताऱ्या बाईचाच, बारीक, पण कुठे तुटत नव्हता. गावदेवीला बोलावलं, खाडीतल्या देवाला बोलावलं, शिवेवरच्याला बोलावलं. मग त्यांनी माझ्या गावाच्या देवीला हाक मारली, नाव घेऊन. तिचं देऊळ आता जागेवर नाही. तरी हाक मारली. मी मान खाली घातली.

त्यानंतर नवरीचं नाव येतं. सिनेमातल्या मुलीचं नाव वेगळं होतं, जाईबाईंना ते सांगूनही ठेवलं होतं. त्यांनी स्वच्छ गायलं, "स्मिता." निखिलने दचकून प्राचीकडे पाहिलं. प्राचीने बोट ओठांवर ठेवलं, आणि कॅमेरा चालू राहिला.

आई पुढे आली. ओल्या हळदीचा वास येत होता, मिक्सरमध्ये नीट न वाटलेले कण होते त्यात. तिने माझ्या कपाळाला लावली, गालांना लावली, हातांना लावली, आणि मग पायांना लावायला खाली वाकली. मी तिला धरायला गेले तर दटावलं, "बस गप." तिकडे नटीने हे सगळं पाहिलं आणि तिचा बांध फुटला. ती जे रडली ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सिनेमात आज तेच आहे. प्राचीने ‘कट’ म्हटलं ते बऱ्याच वेळाने, तेही इतकं हळू की कुणी ऐकलं नाही.

दुपारी चारला जाईबाईंनी उंबर स्वतः उतरवला आणि पंढरीदादांच्या हाती दिला. "जा, पोरीचे लगनाला लागा," म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. आदल्या दिवशी ओरडले होते त्याची माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हळदीचा हात माझ्या गालावर ठेवला आणि विचारलं, "जेवलीस का?" या गावाने मला नाही म्हणता म्हणता किती दिलं होतं, ते मोजायला माझ्याकडे माप नव्हतं.

सगळं आवरताना माझं नेहमीचं काम राहिलं होतं. चित्रीकरणात जे कोणी दिसतील त्या प्रत्येकाचा परवानगीचा फॉर्म भरून घ्यायचा. आई एका दृश्यात पाठमोरी आली होती. तिच्यापुढे फॉर्म आणि पेन ठेवलं. तिने चष्मा लावला. चौथीपर्यंत शिकलीय, अक्षर लावून लावून वाचते.

परवानगी देणाऱ्याचं नाव. तिने लिहिलं.

परवानगी कशासाठी. तिथे मी आधीच लिहून ठेवलं होतं, ‘चित्रीकरणासाठी’. आईने तो शब्द दोनदा वाचला. मग पेनने सावकाश, सरळ रेघ मारून खोडला आणि वरच्या जागेत एकेक अक्षर जुळवत लिहिलं, ‘लग्नासाठी’. खाली सही केली. हळदीचा अंगठा कागदावर उमटला, तो तिने पुसला नाही.

प्रॉडक्शनला मी दुसरा फॉर्म भरून दिला. हा माझ्याकडे आहे.